जुन्नरच्या डोंगरांत कोरलेले शहर

मुंबईच्या फोर्टमधल्या राजाबाई टॉवरला कोणी नुसता विद्यापीठाचा मनोरा म्हणून सोडून देत नाही. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे २८० फूट उंचीच्या त्या इमारतीमागे प्रेमचंद रायचंद यांचा पैसा होता आणि त्या पैशामागे कापसाचा व्यापार, हे सगळे जाणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरला आपण हाच न्याय लावत नाही. लेण्याद्री म्हटले की गिरिजात्मज गणपती, शिवनेरी म्हटले की शिवजन्म. आणि कोणी खोलात गेलाच तर तो बौद्ध भिक्षूंचा वर्षावास सांगून थांबतो. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. देशात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे सापडत नाहीत. ती रानातली एकांतस्थाने नव्हेत, एका श्रीमंत व्यापारी शहराच्या मानाच्या वास्तू आहेत, असे माझे ठाम मत आहे.

पुरावा लेण्यांच्या भिंतींवरच आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा ब्राह्मी लेख येथे आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त हा कल्याणचा, म्हणजे घाटाखालच्या बंदरातला. इरिल, चिट आणि चंद ही तीन नावे तर यवनांची, म्हणजे त्या काळच्या ग्रीकांची आहेत. त्यांपैकी एकाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, एकाने भोजनमंडप. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाचा पैसा ठेवलेला दिसतो. कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे शेते दिली आहेत, ती करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी. पैसा कोणाकडे ठेवायचा, उत्पन्न कशावर खर्च करायचे, हे सगळे दगडात कोरून ठेवणारा समाज हिशेबाला पक्का होता. हा पैसा येण्याची वाटही ठाऊक आहे. कोकणातल्या बंदरांतून चढणारा माल नाणेघाटातून वर येई, आणि त्या घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. धान्याचे मोल कळायला मात्र उलट दिशेला, कुकडीच्या काठाने खाली बोरी बुद्रुकपर्यंत यावे लागते. तिथले नदीकाठचे गाळाचे थर ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारे यांमुळे अभ्यासकांना परिचित आहेत. पण याच खोऱ्याच्या सुपीक जमिनीशिवाय जुन्नरच्या पेठेत धान्याची श्रेणी उभी राहिली नसती, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की, भिक्षूंना शांतता हवी होती म्हणून ते डोंगरात गेले, शहराशी त्यांचा संबंध भिक्षेपुरताच. पण शिवनेरी गावाला खेटून आहे आणि लेण्याद्रीही जेमतेम पाच किलोमीटरवर. भिक्षेला रोज जाता यावे आणि दात्याला आपले दान पाहायला येता यावे, असेच हे अंतर आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कार्ले किंवा अजिंठ्याच्या मानाने जुन्नरची लेणी साधी, पुष्कळशी लहान, मग त्यांना शहराची शान कशी म्हणायची? मला तर हा साधेपणाच सगळ्यांत मोलाचा पुरावा वाटतो. नाशिकला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यांची राजदाने आहेत. जुन्नरच्या लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम हा वर्ष ४६ अशी नोंद असलेल्या लेखात एक मंडप आणि पोढी देऊन जातो, आणि सत्तेचा हात जवळपास तिथेच संपतो. बाकी सारे काम मध्यम ऐपतीच्या अनेकांनी आपापल्या कुवतीने उभे केले. एकाने पोढी, दुसऱ्याने खोली, तिसऱ्याने दर्शनी भाग, अशी ही वाढ आहे. साधेपणा म्हणजे कसब नसणे, असेही नव्हे. तुळजा लेण्यांतले वर्तुळाकार चैत्यगृह, बारा खांबांच्या कड्यात उभा स्तूप आणि वर घुमट, ही रचना भारतीय लेण्यांत फारच दुर्मीळ आहे. लेण्याद्रीच्या गणपतीचे लेणे म्हणजे मुळात वीस खोल्यांचा विहार. त्याचे भले मोठे दालन मधल्या एकाही खांबाशिवाय डोंगराचा भार पेलून आहे.

मग ते शहर कुठे गेले? ते आजच्या जुन्नरखाली आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले आहेत. लेण्यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण आहे आणि ती दगडातच असल्याने टिकतील. खालची माती टिकणार नाही. जुन्या घराच्या जागी नवी इमारत उभी राहताना पायाच्या खड्ड्यात विटा, खापरे, नाणी निघणारच, आणि एकदा राडारोड्याच्या ट्रॉलीतून ती गावाबाहेर गेली की कुठल्या थरातली, कशाशेजारची, हे सांगता येत नाही. जुन्या गावठाणात पाया खणण्याआधी त्या जागेची पाहणी आणि नोंद व्हावी, एवढा नियम नगरपरिषदेला करता येईल. धान्याच्या श्रेणीने दिलेले लेणे डोंगरात शाबूत आहे. तिची वखार कुठे होती, हे सांगू शकणारी माती मात्र गावातच आहे.