श्वास मोजण्याआधी तास मोजा



मानवत हे कापसाचे गाव. हंगामात जिनिंग सुरू झाले की कामगाराच्या श्वासाबरोबर कापसाची धूळही छातीत जाते. 'ताण आला तर दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला त्याला दिला जातो. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा इतिहासात सापडतो.

गिरणीत श्वासालाही जात होती. मुंबईच्या विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ होतो म्हणून जास्त मजुरीचे ते खाते आपल्या माणसांना बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

त्याच गिरणगावात, परळच्या केईएम रुग्णालयात, डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवले. १९६९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अनेकांचा रक्तदाब उतरला होता. पुढे त्यांनी बायोफीडबॅकवरही काम केले. त्यात यंत्र शरीरातला ताण दाखवते आणि ते पाहत माणूस अंग सैल सोडायला शिकतो. म्हणजे उपाय गुणकारी आहे. आनापानसती शिकवणाऱ्या बुद्धाच्या अनुयायांना तो परका तर नाहीच.

पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी कामाच्या तासांना हात घातला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला आणि जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांतला ६० वरून ५० वर. मानवत तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने बारमाही-हंगामी हा भेद मिटवून सर्वांना ४८ तास आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा दिली. हा कायदा पुढे आपल्याकडेही लागू झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हीच दिवसाची मर्यादा १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगितले जाते. पण बारा तास उभे राहिलेल्या शरीराला हा हिशेब कसा पटवणार?

अष्टांग मार्गात सम्मा आजीव आधी येतो, सम्मा सती नंतर. म्हणून कामगारांना श्वासाचे शिबिर जरूर द्या. पण त्याच बैठकीत हजेरीपट, जादा तासांची दुप्पट मजुरी आणि धूळ ओढणारे पंखे यांचा हिशेब मागा. ताण कामगाराच्या मनात जन्मलेला नाही. तो पाळीत जन्मला आहे.

नमो बुद्धाय!