टीसीपी मेमरी-ताण

टीसीपी मेमरी-ताण ही लिनक्स कर्नेलमधील एक अवस्था आहे. सर्व टीसीपी सॉकेटांच्या रांगांनी मिळून व्यापलेली मेमरी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की ती सुरू होते. 'टीसीपी_मेम' या सेटिंगमध्ये किमान, ताण व कमाल अशा तीन मर्यादा मेमरीच्या पृष्ठांत मोजलेल्या असतात. त्यांची मूळ मूल्ये संगणक सुरू होताना उपलब्ध मेमरीवरून ठरतात.

ताण-मर्यादा ओलांडल्यावर ग्रहण-खिडकी लहान ठेवली जाते, त्यामुळे पाठवणाऱ्याचा वेग मंदावतो. क्रम सोडून आलेली पाकिटे टाकून दिली जाऊ शकतात. मात्र त्यांची अंतिम पोच दिलेली नसल्याने ती पुन्हा पाठवली जातात. परिणामी जोडणी रेंगाळते, पण माहिती गहाळ होत नाही. वापर किमान मर्यादेपर्यंत उतरल्यावर ही अवस्था संपते.

कमाल मर्यादेपलीकडे मात्र प्रोग्रामने सोडून दिलेले 'अनाथ' सॉकेट बंद केले जाऊ शकतात. अशा वेळी त्यांच्या रांगेत उरलेली माहिती नष्ट होते.