जिवंत तारण: मराठेशाहीतील ओलीस

आज ओलीस हा शब्द ऐकताच अपहरण आणि खंडणी डोळ्यांसमोर येत असली, तरी सतराव्या-अठराव्या शतकांतील राजकारणात त्याचा अर्थ बराच निराळा होता. ‘ओल’ म्हणजे तारण किंवा जामीन, आणि कराराची कलमे पुरी होईपर्यंत प्रतिपक्षाच्या हवाली केलेला माणूस म्हणजे ओलीस. त्यामुळे ओलीस ठेवणे याच्या जोडीने ओलीस देणे आणि ओलीस राहणे हेही व्यवहार होते. धरून नेलेल्या बंदीच्या सुटकेची किंमत धरणारा आपल्या मर्जीने ठरवी, तर ओलिसाच्या सुटकेची अट दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असे.

अट मोजता येण्याजोगी असली की ओलिसाचा मुक्काम लवकर संपे. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांनी २३ किल्ले देण्याचे मान्य केले, आणि ते मोगलांच्या ताब्यात येईपर्यंत आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत राहिले. याउलट पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत करणारे राजापूरच्या वखारीतले, म्हणजे इंग्रज कंपनीच्या व्यापारी ठाण्यातले, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती १६६१ मध्ये पकडले गेले ते बंदी म्हणून. त्यांनी हा उद्योग आपल्या जबाबदारीवर केला, असे सांगून सुरतेच्या वरिष्ठांनीच हात झटकले, आणि त्यांची सुटका १६६३ पर्यंत लांबली.

अट वर्तणुकीची असली, तर तिला मुदतच उरत नसे, याचे सर्वांत कठोर उदाहरण महाराणी येसूबाईंचे आहे. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि औरंगजेबाच्या फिरत्या छावणीबरोबर वर्षानुवर्षे हिंडत राहिले. बादशहाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये आझमशहाने शाहूंना सोडले, पण त्यांनी मोगलांशी एकनिष्ठ राहावे म्हणून मातोश्रींना मागे ठेवून घेतले. म्हणजे त्याच बंदिवान स्त्रीचे रूपांतर मुलाच्या वागणुकीच्या तारणात झाले. छत्रपतींच्या आईला इजा करणे मोगलांना परवडणारे नव्हते, आणि तिला सहज सोडणेही नव्हते. अखेरीस १७१९ मध्ये मोगल दरबारातील सय्यद बंधूंच्या मदतीला दिल्लीत गेलेल्या बाळाजी विश्वनाथाने चौथाई आणि सरदेशमुखी या महसुली हक्कांच्या सनदांबरोबर त्यांचीही सुटका करून आणली, तेव्हा त्यांच्या बंदिवासाला सुमारे ३० वर्षे झाली होती.

करार मोडला, तर ओलिसाचे काय होई? जानेवारी १७७९ मध्ये तळेगावहून मागे फिरलेली इंग्रज फौज वडगावला कोंडली गेली, आणि तेथे झालेल्या तहाच्या पूर्ततेसाठी फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे महादजी शिंद्यांकडे ओलीस राहिले. मुंबईकर आणि कलकत्तेकर या दोन्ही इंग्रज सरकारांनी तो तह नाकारला; तरीही ओलिसांचा बळी गेला नाही, कारण बोलणी पुन्हा सुरू करायची झाल्यास त्यांचा उपयोग होता आणि मेलेल्या ओलिसाला काहीच मोल नव्हते. १७८० मध्ये गुजरातेत जनरल गॉडर्डशी वाटाघाटी करताना महादजींनी त्यांना सोडून दिले, आणि दोन वर्षांनी सालबाईच्या तहात महादजीच दोन्ही पक्षांचे मध्यस्थ झाले. ओलिसाचा जीव पहारेकऱ्याच्या दयेवर नव्हे, तर दोन्हीकडच्या भावी गरजेवर अवलंबून होता.

पेशवाईच्या अखेरीस या प्रथेचा तोलच ढळला. इंग्रजांच्या कैदेतून, ठाण्याच्या किल्ल्यातून, निसटलेल्या पेशव्याच्या विश्वासू त्रिंबकजी डेंगळ्यांना हवाली करावे म्हणून पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने मे १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून माणसाऐवजी सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले तारण म्हणून घेतले, आणि पुढच्याच महिन्यात पुण्याचा तह पेशव्याला मान्य करावा लागला. पूर्वी आधी तह होई आणि त्याच्या पूर्ततेसाठी ओलीस दिला जाई. आता तारण आधी घेतले गेले आणि त्याच्या दडपणाखाली तह लिहून घेतला गेला.