हलक्या माशांची नदी

इंग्लंडमधील गळाच्या मासेमारीच्या परिभाषेत सामन आणि ट्राउट हे ‘गेम’ मासे. गोड्या पाण्यातले उरलेले बहुतेक सारे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. हा भेद निव्वळ प्राणिशास्त्राचा नव्हे. सामनच्याच कुळातला ग्रेलिंग ‘कोर्स’मध्ये मोजला जातो.

ल्यूटनजवळ उगम पावून लंडनमध्ये टेम्सला मिळणारी ली ही लहानशी नदी साहित्यात आली ती आयझॅक वॉल्टनच्या ‘द कंप्लीट अँग्लर’ (१६५३) या ग्रंथामुळे. राजाचा शिरच्छेद होऊन चारच वर्षे झाली होती. राजपक्षाशी निष्ठा असलेल्या या लंडनच्या व्यापाऱ्याने आपला नायक पिस्केटर याला मे महिन्यातील एका सकाळी टॉटनमहून वेअरच्या वाटेला लावले आणि ट्राउटआधी त्याच्या गळाला लावला तो चब. काटेरी, बेचव म्हणून हिणवला जाणारा हा मासा. उन्हात पाण्याच्या वरच्या थरात पडून राहतो, पक्ष्याची सावली पडताच तळ गाठतो. त्याला नाकतोड्याचे आमिष दाखवावे. पकडल्या दिवशीच शिजवावा, पण आधी घशात अडकलेले पाणगवत नीट धुऊन काढावे, नाहीतर तो आंबट लागतो. दोष माशाचा नाही, रांधणाऱ्याचा आहे, असा वॉल्टनचा रोख दिसतो.

१६७६च्या पाचव्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने डव्ह नदीवरील कृत्रिम माशीच्या मासेमारीचा भाग जोडला. पुढे उमरावी प्रतिष्ठा त्या वाटेने गेली. शहरातल्या कामगारांच्या वाट्याला रोच, पर्च, ब्रीम आणि सुटीचा एक दिवस उरला. कायद्याचीही दृष्टी तीच होती: सामनच्या रक्षणासाठी १८६१ मध्ये कायदा झाला, कोर्स मासे मात्र ऐन विणीच्या काळातही कोणी मारावेत! सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरांचे शेफील्ड हे गळकऱ्यांचेही शहर होते. तेथील खासदार ए. जे. मुंडेला यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १८७८ मध्ये संमत झाला आणि १५ मार्च ते १५ जून या काळात या माशांना अभय मिळाले.

तळ्यांवरील ही बंदी १९९५ मध्ये बहुतांशी उठली. नद्यांवर ती कायम आहे. पिस्केटर आज मे महिन्यात चबसाठी लीच्या काठी गळ टाकून बसला, तर तो गुन्हेगार ठरेल.