टिळकांचं काम कोणत्या रकान्यात बसतं?

मिशनांचा इतिहास वाचायला घेतला की आधी आकडे हाती लागतात. इतके बाप्तिस्मे, इतक्या शाळा. मी विज्ञानाकडून आलेय, मला आकडे आवडतातच. पण आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ज्या तऱ्हेने हाताळला, ती या रकान्यांत दिसत नाही.

त्यांची स्वतःची सुरुवात आगगाडीत झाली. राजनांदगावला जाताना भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने गप्पा मारल्या आणि ‘नवा करार’ हातात ठेवला. टिळक वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

याची सगळ्यात मोठी झळ लक्ष्मीबाईंना बसली. संसार मोडला, नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे त्या अहमदनगरला आल्या, त्याही सोवळं-ओवळं सांभाळतच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसाचा की देवाचा, याचा विचार त्यांनी स्वतःच केला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या हिशेबात हा एक आकडा. ‘स्मृतिचित्रे’त मात्र त्यासाठी पानंच्या पानं आहेत. संशोधनाला लागणाऱ्यांनी ही दोन्ही साधनं शेजारी ठेवून वाचावीत. नुसत्या अहवालावर बांधलेला निष्कर्ष लंगडा राहतो.

बाहेरच्या लोकांसाठी टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हाताशी घेतलं. हे निव्वळ डावपेच होते असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते स्वतः सांगत. ज्या वाटेने आपण आलो तीच दुसऱ्याला दाखवायची, इतकं ते सरळ होतं. आधी परकं व्हा आणि मग ख्रिस्ती व्हा, ही अट त्यांना मान्य नव्हती.

१९१७मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. म्हणजे ज्या रेषेवर अहवालातली मोजणी चालते, तीच त्यांनी पुसली! अशा माणसाला अहवालात कुठे दाखवणार?

दरबाराला वेळ फारसा मिळाला नाही. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते नंतर लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.