अकाटिनेला एपेक्सफल्वा

हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटावर, कूलाऊ डोंगररांगेच्या ओल्या रानात झाडांवर राहणारी आणि आता नामशेष झालेली गोगलगाय. कुल अकाटिनेलिडी. लॅटिनमध्ये एपेक्स म्हणजे टोक आणि फल्वा म्हणजे पिंगट. शंखाच्या पिंगट टोकावरून हे नाव पडले. स्थानिक भाषेत अशा झाडावरच्या गोगलगायींना काहुली म्हणतात.

शंख सुमारे २ सेंमी. लांब, शंकूसारखा, गुळगुळीत व चकचकीत असतो. त्यावर तपकिरी, पिवळ्या, पांढऱ्या, काळपट रंगांचे पट्टे आढळतात. अकाटिनेला प्रजातीत ४१ जाती मानल्या जातात व त्या सर्व केवळ ओआहूच्या. एका दरीतल्या शंखांची नक्षी शेजारच्या दरीत तशीच सापडेल याचा भरवसा नसतो. हवाईत जन्मलेले मिशनरी जॉन थॉमस गुलिक यांनी एकोणिसाव्या शतकात असे हजारो शंख गोळा केले. हवापाणी व झाडोरा सारखाच असूनही नुसते एकमेकांपासून अलग पडल्यामुळे जीवांमध्ये फरक पडत जातो, हा विचार त्यांनी १८७२ मध्ये याच शंखांच्या आधारे मांडला.

ही गोगलगाय पाने खात नाही. दिवसा ती पानाच्या पाठीला किंवा खोडाला चिकटून असते. रात्री पाने ओली झाली, की त्यांच्यावर वाढलेली बुरशीची पातळ साय ती खरवडून खाते. खाऊन झाल्यावर पान शाबूत राहते, किंबहुना स्वच्छ होते. बागेतली कोवळी रोपे फस्त करणाऱ्या गोगलगायींशी तिचे साम्य नावापुरतेच. जुन्या हवाई गीतांत काहुली रात्री गातात असे येते. गोगलगायीला आवाज काढायला अवयव नाही. ते गाणे बहुधा त्याच झाडांवरच्या रातकिड्यांचे असावे.

प्रत्येक जीव उभयलिंगी असला, तरी प्रजननासाठी जोडीदार लागतो. अंडी न घालता एका वेळी एकच पिलू जन्माला येते, तेही इवलासा शंख पाठीवर घेऊनच. वाढ अतिशय मंद असते. वयात यायला काही वर्षे जातात व आयुष्य दहा वर्षांहून अधिक असू शकते. शिकारी फारसे नव्हते तोवर हा संथपणा निभावून गेला.

पाश्चात्त्य शास्त्राला परिचित झालेली हवाईची ही पहिली भूचर गोगलगाय. १७८७च्या सुमारास जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाला ओआहूवर भेट मिळालेल्या माळेत तिचे शंख ओवलेले होते. १७८९ मध्ये त्याच्या प्रवासवर्णनात तिचे वर्णन छापले गेले. पुढे संग्राहकांची हाव, गुरांमुळे व शेतीमुळे झालेली जंगलतोड आणि जहाजांतून आलेले उंदीर यांनी तिची संख्या घटवली. १९३६ मध्ये हवाईत आफ्रिकी राक्षसी गोगलगाय आणली गेली. मराठवाड्यातले सोयाबीनचे शेतकरी जिला शंखी गोगलगाय म्हणून ओळखतात तीच ही. ती एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालते. तिला आवरण्यासाठी १९५५ मध्ये फ्लोरिडातून युग्लँडिना ही मांसाहारी गोगलगाय आणून सोडण्यात आली. ही इतर गोगलगायींच्या चिकट मागाचा वास घेत झाडावरही चढते. राक्षसी गोगलगाय राहिली बाजूला, तिने स्थानिक जातींचाच फडशा पाडला. रोगापेक्षा औषध जालीम ठरल्याचे हे ठळक उदाहरण. १९८१ मध्ये अमेरिकेने संपूर्ण अकाटिनेला प्रजाती संकटग्रस्त जाहीर केली.

१९९७ मध्ये ओआहूच्या पोआमोहो भागातून शेवटच्या १० गोगलगायी हवाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हलवल्या गेल्या. तापमान व ओलावा राखणाऱ्या कपाटात त्यांना रानातून तोडून आणलेल्या डहाळ्या आणि प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी मिळे. पिले झाली, पण हळूहळू बाकी सगळी मेली आणि एकच गोगलगाय उरली. आपल्या जातीतले अखेरचे ठरलेले गॅलापागोसचे कासव लोनसम जॉर्ज याच्यावरून तिला जॉर्ज नाव देण्यात आले. तिच्यासाठी रानात जोडीदाराचा शोध सुरू राहिला, तो सापडला नाही. १ जानेवारी २०१९ रोजी सुमारे १४ वर्षांची होऊन ती मेली. २०१७ मध्ये तिच्या पायाचा २ मिमी.चा तुकडा कापून सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाकडे गोठवून ठेवण्यासाठी पाठवला होता. त्यातून नवी गोगलगाय घडवण्याचे तंत्र अद्याप उपलब्ध नाही.