सिनसिनाटीच्या सरकारी शाळांतली जर्मन

१/ अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात एक कालवा होता. त्याच्या पलीकडे जर्मन स्थलांतरितांची इतकी दाट वस्ती होती, की लोक कालव्याला गमतीने ‘ऱ्हाइन’ म्हणत. या घरांतील मुलांना सरकारी शाळेत मायबोली मिळावी का?

२/ या प्रश्नाचे उत्तर व्यवहारातून निघाले. जर्मन पालक शाळेचा कर भरत, मुलांना मात्र चर्चच्या शाळेत धाडत. त्यांना सरकारी शाळेकडे वळवायचे होते. शिवाय त्यांची मतेही मोलाची होती. १८३९ मध्ये ओहायो राज्याने कायद्याने वाट मोकळी केली आणि १८४० मध्ये सिनसिनाटीत जर्मन-इंग्रजी सरकारी शाळा सुरू झाली.

३/ पद्धत साधी होती. खालच्या इयत्तांत अर्धा दिवस जर्मन शिक्षकापाशी, अर्धा दिवस इंग्रजी शिक्षकापाशी. इंग्रजी शिकण्यासाठी घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागत नसे. जवळपास ८० वर्षे हे चालले.

४/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि शेजाऱ्याची भाषा शत्रूची भाषा ठरली. सिनसिनाटीत रस्त्यांची जर्मन नावे बदलली. ‘ब्रेमेन स्ट्रीट’चा ‘रिपब्लिक स्ट्रीट’ झाला. १९१९ मध्ये, युद्ध संपल्यानंतर, ओहायोने आठवीच्या खालच्या वर्गांत जर्मन शिकवण्यावर बंदी घातली. खासगी शाळाही त्यातून सुटल्या नाहीत.

५/ नेब्रास्का राज्याने त्याच वर्षी असाच कायदा केला. तेथील एका लुथरन शाळेचे शिक्षक रॉबर्ट मायर यांना १९२० मध्ये एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले.

६/ ४ जून १९२३ रोजी न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांची शिक्षा रद्द केली. भाषा शिकवण्याचा शिक्षकाचा आणि ती मुलांना शिकवून घेण्याचा पालकांचा हक्क राज्यघटनेतील स्वातंत्र्यात मोडतो, असा निर्वाळा दिला. ओहायोची बंदीही त्याच दिवशी कोसळली.

७/ पण बंदी उठणे वेगळे आणि शाळा पुन्हा उभी राहणे वेगळे. सरकारी शाळांनी जर्मन शिकवलीच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. जुने वर्ग परतले नाहीत. १९७० च्या दशकात सिनसिनाटीच्या सरकारी शाळेत जर्मन माध्यमाचा प्रयोग पुन्हा सुरू झाला, तोवर अर्धशतक उलटले होते. ज्या नातवंडांसाठी आजोबांची पिढी झगडली, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती आता परकी भाषा म्हणूनच शिकावी लागणार होती.